डोंगरावरची गर्दी आणि मनाई आदेश

जून महिना लागला, की मराठी वृत्तपत्रांत दोन बातम्या हमखास येतात. एक असते लोणावळा, माळशेज, भंडारदरा, ताम्हिणी परिसरात उसळलेल्या गर्दीची आणि दुसरी असते त्या गर्दीला आवर घालण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांनी काढलेल्या मनाई आदेशाची. या दोहोंच्या मध्ये एखादी तिसरी, दुर्घटनेची बातमी येऊन आदळते. मग चार दिवस ‘आजच्या तरुणांना झाले आहे तरी काय’ हा प्रश्न चघळला जातो. पाऊस ओसरला की प्रश्नही ओसरतो.

गेल्या काही पावसाळ्यांतील घटना आठवून पाहाव्यात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्याच्या प्रवाहात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यानंतर आठवड्याभरात, ७ जुलैला, रायगडाच्या पायऱ्यांवरून पाण्याचे असे लोट कोसळले की गडावर निघालेले पर्यटक कठड्यांना धरून जीव मुठीत घेऊन उभे राहिले. प्रशासनाने मग गड काही काळ बंद ठेवला. त्याच महिन्यात माणगाव तालुक्यातील कुंभे धबधब्यापाशी चित्रफीत काढताना पाय घसरून एक तरुणी सुमारे तीनशे फूट खोल दरीत कोसळली. तिला बाहेर काढण्यात आले, पण वाचवता आले नाही. १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीच्या भाराने कोसळला आणि चार जणांचा मृत्यू झाला.

या चारही घटना ‘हुल्लडबाज तरुणाई’ या एकाच मथळ्याखाली मोडल्या जातात. वास्तविक त्यांत साम्य थोडे आहे. भुशीला गेलेले एक कुटुंब होते, त्यात लहान मुले होती. कुंडमळ्याचा पूल वापरास धोकादायक असल्याचे आधीच माहीत होते. तो वेळेवर पाडला वा बंद केला गेला नाही, हा दोष पुलावर उभे राहिलेल्यांचा म्हणता येत नाही. रायगडावर अडकलेल्यांचा अपराध एवढाच, की ते रविवारी रायगडावर गेले होते. राहता राहिली कुंभ्याची घटना. तिच्यावर ‘रील’चे लेबल लावणे सोपे होते आणि ते तसे लावलेही गेले. परंतु कड्याच्या काठावरचे ओले गवत आणि त्याखालची शेवाळलेली कातळपट्टी ही छायाचित्र काढणाऱ्याला जशी घसरवते, तशीच न काढणाऱ्यालाही घसरवते. काठापासून किती अंतर राखावे, हे त्या वयाच्या मुलामुलींना कोणी, कधी आणि कुठे शिकवले, हा खरा प्रश्न आहे. तो विचारला जात नाही, कारण त्याचे उत्तर शोधायला चार दिवस पुरत नाहीत.

आधी हे पाहू, की रविवारी डोंगरावर जातो कोण. मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यातील विशी-पंचविशीतील तरुणाचा आठवडा डोळ्यांसमोर आणला तर त्याचे उत्तर मिळते. शिकणारा असेल तर महाविद्यालय, त्याला जोडून शिकवणी, त्यात लोकलचा किंवा पीएमपीच्या बसचा दोन-तीन तासांचा प्रवास. नोकरीला लागलेला असेल तर हिंजवडी, खराडी, ऐरोली, पवई यांपैकी कुठेतरी दहा तास संगणकासमोर. यांतील असंख्य मुले लातूर, नांदेड, अकोला, जळगाव येथून किंवा थेट उत्तरेकडून, दक्षिणेकडून आलेली असतात. चार जणांत एक खोली, जेवणाचा डबा लावलेला, आई-वडील दूर. मैदान जवळ नाही. असले तर ते कुठल्यातरी अकादमीला दिलेले. नाट्यगृहाचे तिकीट आणि बहुपडदा चित्रपटगृहातील खाद्यपदार्थांचे दर पाहिले की महिनाअखेरीस तोही मार्ग बंद होतो. अशा वेळी फोनवर एक जाहिरात दिसते : शनिवारी रात्री बस निघेल, पहाटे चढाई, सूर्योदय, चहा-नाश्ता, गावात पिठले-भाकरी आणि रविवारी संध्याकाळपर्यंत परत, शुल्क हजार-बाराशे. सोबत ओळखीचे कोणी नसले तरी चालते. किंबहुना नवी ओळख व्हावी म्हणूनच अनेक जण जातात. या शहरांत एकटेपणावर इतका स्वस्त आणि इतका निरोगी इलाज दुसरा नाही, हे मान्य केले पाहिजे.

म्हणूनच पावसाळ्यातल्या एखाद्या शनिवारी मध्यरात्रीनंतर कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावात उभे राहिले तर गावच्या जत्रेला लाजवील अशी गर्दी दिसते. ओळीने बसगाड्या, कपाळाला बांधलेले दिवे, एकाच रंगाचे टी-शर्ट. १६४६ मीटर उंचीचे हे राज्यातले सर्वोच्च शिखर. लोखंडी शिड्या लावल्यामुळे वाट तशी सोपी झालेली. पण त्या शिड्यांवर पहाटे चार वाजता रांग लागते. वरच्याला उतरायचे असते आणि खालच्याला सूर्योदय गाठायचा असतो. नाशिक जिल्ह्यातल्या हरिहर किल्ल्यावर प्रकार याहून बिकट आहे. तेथील कातळात कोरलेल्या पायऱ्या जवळजवळ उभ्या आहेत. दोन्ही कडांना हात रोवण्यासाठी खोबण्या आहेत. पण वाट एका वेळी एकाच माणसाची. ज्यांनी ती घडवली त्यांचा उद्देशच मुळी वर येणाऱ्याला एकेकटे गाठता यावे, असा होता. त्याच जिन्यावर आज सुट्टीच्या दिवशी चढणारे आणि उतरणारे समोरासमोर येतात. २०२३ च्या पावसाळ्यात लोहगडावर अशीच माणसांची कोंडी झाली आणि ती फुटायला कित्येक तास लागले. लोहगडाची वाट अवघड नाही, हे नशीब.

अशी गर्दी पाहून जुन्या गिर्यारोहकांचा जीव तुटतो. त्यांचे दुःख समजून घ्यायचे तर महाराष्ट्रातल्या डोंगरभटकंतीचा इतिहास थोडा पाहावा लागेल. मुंबईत ‘गिरिविहार’ ही संस्था १९५४ साली सुरू झाली. पुण्याची ‘गिरिप्रेमी’ १९८२ ची. मुलुंड, डोंबिवली, पार्ले, नाशिक, कोल्हापूर अशा ठिकाणी पुढे अनेक मंडळे उभी राहिली. गोपाळ नीलकंठ दांडेकरांच्या लेखनाने दुर्गांचे वेड घराघरांत नेले आणि आनंद पाळंदे यांच्या ‘डोंगरयात्रा’ने त्या वेडाला वाटा, पाण्याची टाकी आणि मुक्कामाच्या जागा यांची शिस्तशीर माहिती पुरवली. ही संस्थात्मक परंपरा किती सकस होती, हे सांगायला दोन नोंदी पुरेत. १९९८ साली सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोहोचले आणि मे २०१२ मध्ये गिरिप्रेमीच्या आठ जणांनी एकाच मोहिमेत ते शिखर गाठले. समुद्रसपाटीच्या आणि दख्खनच्या पठाराच्या माणसांनी, ज्यांच्या घराजवळ बर्फाचा कणही पडत नाही, हे करून दाखवले ते सह्याद्रीत घेतलेल्या तालमीच्या जोरावर.

ही तालीम कशी होती? तिला अभ्यासक्रम नव्हता, प्रमाणपत्रही नव्हते. नव्या मुलाने पहिली दोन वर्षे शिधा आणि भांडी वाहायची. मोहिमेआधी कोणाच्या तरी घरी, नाहीतर शाळेच्या वर्गात बैठक व्हायची. त्यात नकाशा उघडायचा, पाणी कुठे मिळेल, अंधार झाला तर कुठल्या धारेने उतरायचे, हे ठरायचे. रांगेत सर्वांत पुढे वाट जाणणारा आणि सर्वांत मागे त्याच्याइतकाच अनुभवी माणूस. मागच्याच्याही मागे कोणी राहायचे नाही, हा नियम. नाळ आणि घळ यांत फरक काय, गुराखी वापरतात ती ढोरवाट आणि केवळ पाण्याने पाडलेली खाच यांत फरक कसा ओळखायचा, पावसाळ्यात ओढा ओलांडण्याआधी पाण्याचा रंग का पाहायचा, मधमाश्यांच्या पोळ्याखाली धूर आणि अत्तर का नको, हे सारे चालता चालता अंगात मुरायचे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे परत फिरायला शिकवले जायचे. शिखर शंभर पावलांवर असताना ‘आज नाही’ म्हणणारा नेता आणि त्याचे ऐकणारी मुले, ही जुन्या मंडळांची खरी कमाई होती.

अर्थात या चित्राला सोनेरी चौकट घालण्याचे कारण नाही. ही मंडळे बहुतांशी शहरी, मध्यमवर्गीय आणि ठरावीक वस्त्यांतली होती. ओळखीशिवाय शिरकाव कठीण. मुलींची संख्या दीर्घकाळ हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. परगावाहून आलेल्या, खोली करून राहणाऱ्या मुलाला अशा मंडळाचा पत्ता लागणेही अवघड होते आणि लागला तरी बैठकीतली भाषा व विनोद त्याला परके वाटत. आज फोनवरील एका जाहिरातीने ही कवाडे उघडली आहेत. रिक्षाचालकाची मुलगी आणि संगणक अभियंता एकाच बसमधून राजगडाला जातात, यात वाईट काय आहे? ‘आमच्या वेळी डोंगरावर कसे शांत होते’ असे म्हणणाऱ्यांच्या हळहळीत थोडा अंश मक्तेदारी गेल्याचाही आहे, हे स्पष्टपणे बोलले पाहिजे.

पण दार उघडताना उंबरठाही काढून टाकला गेला, ही अडचण आहे. मागील दशकात आधी फेसबुक, मग व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम यांमुळे गट जमवणे सोपे झाले. करोनाच्या टाळेबंदीनंतर घरात कोंडलेली शहरे उघड्या हवेकडे धावली आणि हौशी गटांचे पाहता पाहता धंद्यात रूपांतर झाले. धंद्याला विरोध नाही. चांगले चालवणारे, विमा काढणारे, मोजकीच माणसे नेणारे व्यावसायिकही आहेत. तथापि बाजाराचे गणित वेगळे असते. मंडळ माणूस घडवीत असे, बाजार शिखर विकतो. पैसे भरलेल्या ग्राहकाला पहिल्याच फेरीत वर पोहोचायचे असते. त्याला शिधा वाहायला सांगता येत नाही आणि शंभर पावलांवरून परत फिरवले तर तो पैसे परत मागतो, शिवाय वाईट शेरा लिहितो. बस भरल्याशिवाय परवडत नाही, म्हणून माणसे वाढतात. पन्नास जणांमागे दोन-तीन ‘लीडर’ असतात आणि त्यांतला एखादा स्वतः मागच्या हंगामातला ग्राहक असतो. सगळे जण सगळीकडे एकाच दिवशी जातात, कारण सुट्टी सर्वांना एकाच दिवशी मिळते.

सह्याद्रीतल्या दुर्घटना घडतात कशा, ते पाहिले तर या तुटलेल्या तालमीचा संबंध कळतो. हिमालयातल्यासारखी हिमवादळे इथे नाहीत. इथे माणूस बहुधा उतरताना पडतो : दमलेला, पाणी संपलेला, उजेड जाण्याआधी बस गाठण्याच्या घाईत. घसाऱ्यावर पावले कशी टाकावीत, हे माहीत नसते. नाहीतर वाट चुकतो. मे २०२२ मध्ये दिल्लीहून कामानिमित्त महाराष्ट्रात आलेला एक तरुण अभियंता लोणावळ्याजवळ नागफणीच्या परिसरात एकटाच फिरायला गेला. वाट चुकल्याचे त्याने घरी फोनवरून कळवले, मग फोन बंद पडला. चार दिवसांच्या शोधानंतर त्याचा मृतदेह दरीत मिळाला. नागफणी म्हणजे काही निर्मनुष्य अरण्य नव्हे. खाली द्रुतगती मार्ग आहे, लोहमार्ग आहे, गजबजलेले शहर आहे. पण वाट चुकल्यावर खाली उतरत राहू नये, उतार शेवटी कड्यावर नेतो, आल्या वाटेने वर धारेवर यावे, हा सह्याद्रीतला पहिला धडा नवख्याला सांगायला तिथे कोणी नव्हते. गावातला एखादा माणूस सोबत असता तर कदाचित एवढेच पुरले असते.

जाणत्यांनाही डोंगर सोडत नाही, हेही खरे. आयुष्यभर कडे-कपाऱ्यांत वावरलेले ज्येष्ठ गिर्यारोहक अरुण सावंत यांचा जानेवारी २०२० मध्ये हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याच्या परिसरात अपघाती मृत्यू झाला. त्यामुळे शिक्षण दिले की अपघात शून्यावर येतील, असा भाबडा दावा कोणी करू नये. पण जाणून घेतलेला धोका आणि माहीतच नसलेला धोका यांत फरक आहे, आणि धोरणाचा विषय हा दुसरा धोका आहे.

शासनाने या प्रश्नावर आजवर काय केले? मुख्य हत्यार मनाई आदेशाचे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे १४४ वे कलम लावले जाई; १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १६३ वे कलम लावले जाते. कलम बदलले, मजकूर तसाच राहिला. धबधबे, धरणे, गड-किल्ले, घाटरस्ते यांची यादी आणि ‘प्रवेश करण्यास, पाण्यात उतरण्यास, छायाचित्रे काढण्यास मनाई’. ऐन अतिवृष्टीत, दोन-चार दिवसांसाठी असा आदेश आवश्यकच असतो. रायगडावरील घटनेनंतर गड बंद ठेवला तो योग्यच होता. आक्षेप आहे तो सबंध हंगामभर, सरसकट यादी लावण्याला. असा आदेश पाळतो कोण? नोंदणीकृत संस्था पाळतात, शाळा-महाविद्यालये पाळतात, म्हणजे जे त्यातल्या त्यात काळजीपूर्वक जातात ते घरी बसतात. बाकीच्यांची बस यादीत नसलेल्या पलीकडच्या धबधब्याकडे वळते. तिथे ना पोलीस, ना फलक, ना दोर. पायथ्याच्या गावांचे नुकसान वेगळेच. बारी, पाचनई, राजमाची, हर्षेवाडी अशा गावांत पावसाळ्याचे तीन महिने भाकरी, चहा, वाहनतळ आणि वाटाड्याची मजुरी यांवर अनेक घरांचे वर्ष निघते. सोमवारच्या आदेशाने रविवारचे पीठ वाया जाते, याची नोंद कुठल्याच आदेशात नसते.

दुसरे हत्यार नोंदणीचे. साहसी उपक्रमांसाठी २०१८ मध्ये शासन निर्णय निघाला; त्यावर गिर्यारोहण संस्थांनी तीव्र हरकती घेतल्या. पुढे ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आले. त्याखाली असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी, प्रशिक्षित माणसे व साधने बाळगावीत, अशी अपेक्षा आहे. दिशा चुकीची नाही. मात्र ज्यांचे कार्यालय आहे, पाटी आहे, त्यांनाच नोंदणीचा धाक असतो. ज्याचे सगळे दुकान एका फोनमध्ये आहे, जो आज एका नावाने आणि उद्या दुसऱ्या नावाने जाहिरात करतो, त्याला बसच्या दारात अडवून ‘नोंदणी दाखव’ असे विचारणारी यंत्रणा पायथ्याशी उभी नाही. कागदावरचे धोरण आणि पहाटे चारची बारीची पायवाट यांच्यामध्ये एकही कर्मचारी दिसत नाही.

आणि दुर्घटना घडल्यावर धावतो कोण? इथे या सगळ्या प्रकरणातली सर्वांत विलक्षण गोष्ट दिसते. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस आंबेनळी घाटात खोल दरीत कोसळली. तीस जण मृत्युमुखी पडले, एक वाचला. त्या दरीत दोर लावून उतरणाऱ्यांत आणि मृतदेह वर आणणाऱ्यांत महाबळेश्वर, पोलादपूर परिसरातील गिर्यारोहक आघाडीवर होते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीला गाडीरस्ता नव्हता. यंत्रे वर जाऊ शकत नव्हती. भर पावसात, अंधारात, निसरड्या पायवाटेने तास-दीड तास चढूनच तिथे पोहोचता येत होते. ती चढण चढताना नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. अशा वाटेवर आपत्ती निवारण दलाच्या जवानांसोबत खोपोली, लोणावळा, कर्जत परिसरातील डोंगरभटके होते. इर्शाळगडाची वाट त्यांना पाठ होती, कारण कित्येक रविवार त्यांनी तिथे घालवले होते. सत्तावीस मृतदेह मिळाले, सत्तावन्न माणसे बेपत्ताच राहिली आणि चौथ्या दिवशी शोध थांबवण्यात आला. कुंभ्याच्या दरीतून त्या तरुणीला वर आणणाऱ्यांतही असेच स्वयंसेवक होते.

लोणावळ्याचे ‘शिवदुर्ग मित्र’, खोपोलीचे ‘यशवंती हायकर्स’, महाबळेश्वरचे ‘महाबळेश्वर ट्रेकर्स’ ही नावे बातमीच्या शेवटच्या ओळीत येतात. अशा पथकांचा मेळ घालण्यासाठी २०१६ पासून गिर्यारोहकांनीच एक समन्वय केंद्र चालवले आहे. यांत कोणी दुकानदार आहे, कोणी शिक्षक, कोणी हॉटेलात काम करतो. रात्री दोनला फोन येतो, हे दोर आणि स्ट्रेचर घेऊन निघतात आणि सकाळी कामावर उशीर झाला म्हणून अर्ध्या दिवसाचा पगार कापून घेतात. एका अर्थाने महाराष्ट्र शासनाची डोंगरी बचाव यंत्रणा ही तरुणांच्या एका छंदातून, शासनाला फारसा खर्च न पडता उभी राहिली आहे. ज्या छंदावर दर जूनमध्ये बंदी येते, त्याच छंदातून घडलेल्या माणसांना दर जुलैमध्ये हाक मारली जाते.

ही विसंगती केवळ बोचरी नाही, तर पुढच्या काळासाठी घातकही आहे. आजचे बचावपटू बहुतेक जुन्या मंडळांच्या तालमीतले आहेत. त्यांतले अनेक चाळिशी-पन्नाशीच्या घरात पोहोचले. बसने येऊन सूर्योदय पाहून जाणाऱ्या हजारोंमधून त्यांची जागा घेणारे शंभर कसे तयार होणार? नवीन मुलांत वेड नाही असे मुळीच नाही. एकदा आलेली कित्येक मुले पुन्हा पुन्हा येतात, स्वतःहून किल्ल्यांची टाकी उपसतात, कचरा वेचतात, दरवाजे बसवण्यासाठी वर्गणी गोळा करतात. त्यांना पुढची पायरी दाखवणारे कोणी नाही. जुन्या मंडळांकडे ज्ञान आहे पण माणसे नाहीत, व्यावसायिक गटांकडे माणसे आहेत पण ज्ञान अपुरे, आणि शासनाकडे फक्त कलम आहे.

या तिघांना एकत्र आणणे अशक्य कोटीतले नाही. पायथ्याच्या गावातला प्रशिक्षित वाटाड्या ठरावीक अवघड वाटांवर सक्तीचा केला, तर नवख्याला जाणता सोबती मिळेल आणि पैसा गावात राहील. पूर्ण बंदीऐवजी हरिहर, कळसूबाई यांसारख्या ठिकाणी दिवसाला ठरावीक संख्येनेच प्रवेश आणि चढण्या-उतरण्याच्या वेगळ्या वेळा, हे तर साधे व्यवस्थापन आहे. तीर्थक्षेत्री दर्शनाच्या रांगा आपण याहून अवघड लावतो. व्यावसायिक गटांच्या नेत्यांना मान्यता देण्याआधी जुन्या संस्थांसोबत एक हंगाम काढण्याची अट घालता येईल. महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजना आहे, राष्ट्रीय छात्रसेना आहे. त्यांच्या जोडीला गिरिभ्रमणाचे मंडळ असण्यात अडचण कसली? फक्त त्याला गुण आणि प्रमाणपत्र जोडण्याचा मोह आवरावा. आपल्याकडे चित्रकलेची आणि संगीताची परीक्षा दहावीच्या वाढीव गुणांसाठी देणाऱ्यांची पिढीच तयार झाली आहे. गुणांसाठी डोंगर चढणारी मुले पावसाळी रविवारी कुठे असतील, हे वेगळे सांगायला नको.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट स्वतंत्रपणे नोंदवायला हवी. जुन्या मंडळासोबत मुलगी पाठवताना पालकांना नेता माहीत असे, त्याचे घर माहीत असे. आज ती अनोळखी पन्नास जणांसोबत रात्रीच्या बसने जाते, आणि बहुतेक वेळा सुखरूप परतते, हा या पिढीने मिळवलेला मोकळेपणा आहे. एखाद्या गैरप्रकाराच्या बातमीने पहिली बंदी येईल ती तिच्यावरच. म्हणून गट नेणाऱ्यांची नोंदणी, त्यांत महिला नेत्या असण्याची अट आणि मुक्कामाच्या जागेची किमान हमी या गोष्टी तिच्यासाठी पर्यटन धोरणापुरत्या राहत नाहीत. तिचा रविवार टिकेल की जाईल, हे त्यांवर ठरते.

११ जुलै २०२५ रोजी ‘युनेस्को’ने मराठ्यांच्या लष्करी भूदृश्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. बारा किल्ल्यांपैकी जिंजी तामिळनाडूत आहे. उरलेले अकरा महाराष्ट्रात. त्यांत साल्हेर आहे, राजगड आहे, रायगड, प्रतापगड आणि तोच २०२३ मध्ये माणसांनी तुंबलेला लोहगडही आहे. आनंदोत्सव झाला, फलक लागले, अभिनंदनाचे ठराव झाले. जागतिक नकाशावर नाव आल्याने येणाऱ्यांची संख्या वाढणार, हे उघड आहे. तटबंदी, दगड, चुना यांच्या जतनाची चर्चाही सुरू आहे. साल्हेरच्या कातळपायऱ्यांवर एखाद्याचा पाय मोडला तर त्याला खाली कोणी आणायचे, त्या स्वयंसेवकाचा विमा कोणी उतरवायचा आणि त्याचा झिजलेला दोर कोणाच्या पैशाने बदलायचा, हे मात्र अजून त्या गावातली मुले आणि जवळच्या शहरातले दोन-चार हौशी गिर्यारोहक आपापसांत वर्गणी काढून ठरवीत आहेत.